सहा सेकंदांत ट्रेब्युशे

मागच्या सेमिस्टरला, सबमिशन अगदी तोंडावर आलेलं असताना, आमच्या रूमवर रात्री दीड वाजता इतकं जोरात भांडण झालं की रेक्टर सरांना वर यावं लागलं. "कशावरून चाललंय?" सरांनी विचारलं. आम्ही सहा जण गप्प. शेवटी सिव्हिलवाल्या मित्रानं सांगून टाकलं, "सर, दगडफेकीवरून." सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला! ही दगडफेक खरी नसून कागदावरची आहे, हे पटवून देण्यात पुढची दहा मिनिटं गेली. सर गेले, पण त्यांना पटलं की नाही ते अजून कळलेलं नाही.

त्या रात्री जे नीट सांगता आलं नाही ते इथे सांगतो. भांडण खेळातलं होतं, पण त्यापायी एक मुलगा आमच्यातून उठून गेला होता, आणि चूक बरीचशी माझी होती.

आधी खेळाविषयी. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला. कॉम्प्युटर लागत नाही, लाइट गेली तरी मेणबत्तीवर चालतो. एक जण 'डन्जन मास्टर' होतो, म्हणजे डीएम. तो गोष्ट सांगतो, राक्षस-गॉब्लिन-राजे सगळे तोच चालवतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. कुणावर वार करायचा असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपला बोनस मिळवायचा. बेरीज समोरच्याच्या 'आर्मर क्लास'एवढी किंवा जास्त झाली की वार लागला. मग दुसरे फासे टाकून किती लागलं ते ठरवायचं आणि तेवढे 'हिट पॉइंट्स' वजा करायचे. लढाई 'राउंड'मध्ये चालते. एक राउंड म्हणजे सहा सेकंद, आणि त्यात प्रत्येकाला एक 'अॅक्शन' मिळते. पुढचं सगळं रामायण या एका अॅक्शनमुळे घडलं.

आमचा डीएम बीई कॉम्पचा. आम्ही २०१४ सालची पाचवी आवृत्ती खेळतो. त्यातल्या डीएमच्या पुस्तकात वेढ्याच्या यंत्रांना अगदी थोडी जागा दिली आहे. बॅलिस्टा म्हणजे गाड्याएवढं मोठं धनुष्य. मँगोनेल म्हणजे दगड उडवणारं यंत्र. आणि सगळ्यांत थोरलं ट्रेब्युशे. हे समजायला आपल्याकडची गोफण आठवा. एका लांब दांडीच्या टोकाला गोफण, दुसऱ्या आखूड टोकाला भलंमोठं वजन. वजन खाली पडतं, दांडी फिरते, गोफण सुटते आणि दगड किल्ल्यावर जातो. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समधली लीव्हर, दुसरं काही नाही.

पुस्तकातलं ट्रेब्युशे असं : पल्ला ३०० फूट, त्यापुढे १२०० फुटांपर्यंत नेम कच्चा, ६० फुटांच्या आतलं काही मारता येत नाही. हल्ल्याला बोनस ५. लागलं तर दहा बाजूंचे आठ फासे, म्हणजे सरासरी ४४ नुकसान. आणि ते चालवायला लागतं काय? भरायला दोन अॅक्शन, नेम धरायला दोन अॅक्शन, सोडायला एक. एकूण पाच.

वाचताना सगळं स्वच्छ वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण खेळायला बसलात की प्रश्न सुरू होतात.

पहिला प्रश्न : या पाच अॅक्शन कुणाच्या? एकाच माणसाच्या असतील तर पाच राउंड, म्हणजे तीस सेकंदांत एक दगड. पण पाच माणसांनी एकेक अॅक्शन दिली तर? सगळ्यांच्या पाळ्या एकाच राउंडमध्ये येतात. म्हणजे सहा सेकंदांत एक दगड! पुस्तकात कामं मोजली आहेत, माणसं मोजलेली नाहीत.

दुसरा प्रश्न : दगड सोडल्यावर नेम तसाच राहतो की पुन्हा धरायचा? यंत्र हललं नाही, भिंतही हलली नाही, मग दोन अॅक्शन परत कशासाठी? आणि उलट, नेम धरल्यावर समोरचा माणूस पळाला तर तो नेम कुणावर?

तिसरा प्रश्न : भिंतीवर दगड टाकणं आणि धावत्या माणसावर टाकणं, दोन्हीला बोनस तोच. चालवणारा तरबेज असो की आयुष्यात पहिल्यांदा दोरी ओढणारा असो, तरी तोच. दगड चुकला तर पडतो कुठे, याबद्दल एक अक्षर नाही. जणू हवेत विरघळतो.

चौथा प्रश्न : भिंत किती टिकते? वस्तूंच्या तक्त्याप्रमाणे दगडाचा आर्मर क्लास १७, आणि मोठ्या दणकट वस्तूचे हिट पॉइंट्स सरासरी २७. फार मोठी वस्तू असेल तर तिचे तुकडे करून प्रत्येकाचा वेगळा हिशोब ठेवायला सांगितलंय. म्हणजे भिंतीचा एक तुकडा २७ चा आणि दगड ४४ चा. एका दगडात भगदाड! हे टाळायला 'डॅमेज थ्रेशोल्ड' नावाची सोय आहे, म्हणजे अमुक आकड्याच्या खालचं नुकसान धरायचंच नाही. पण भिंतीसाठी तो आकडा किती घ्यायचा ते डीएमवर सोडलं आहे. गंमत म्हणजे ट्रीअंट नावाचा चालताबोलता वृक्ष इमारतींना दुप्पट नुकसान करतो असं त्याच्या वर्णनात स्पष्ट लिहिलंय. किल्ले फोडण्यासाठीच जन्माला आलेल्या ट्रेब्युशेला मात्र तशी काही सवलत नाही.

आता प्रत्यक्ष काय घडलं ते. गॉब्लिनांचा एक किल्ला आम्हाला घ्यायचा होता. डीएमनं त्या वेढ्यासाठी बरीच तयारी केलेली. ग्राफ पेपरवर नकाशा, भुयार, फितूर होऊ शकणारा पहारेकरी, सगळं. तीन शनिवार पुरेल एवढा मसाला. आमच्याकडे एक ट्रेब्युशे होतं आणि आम्ही खेळाडू बरोब्बर पाच. मी पुस्तक उघडून वाद घातला : पाच माणसं, पाच अॅक्शन, एका राउंडमध्ये एक दगड. डीएम म्हणाला, "असं नसणार रे." मी म्हणालो, "मग कुठं लिहिलंय दाखव." त्याला दाखवता येईना, कारण लिहिलेलंच नाही. अर्धा तास डोकं खाल्ल्यावर तो म्हणाला, "ठीक आहे, तुझंच खरं." तिसऱ्या राउंडला, म्हणजे खेळातल्या अठरा सेकंदांत, भिंतीला भगदाड पडलं. भुयार आणि पहारेकरी दोघंही ग्राफ पेपरवरच राहिले. मी मात्र मेसला जाताना कॉलर ताठ करून गेलो.

पुढच्या शनिवारी गॉब्लिन परत आले. वीस गॉब्लिन, चार ट्रेब्युशे. नियम दोघांनाही सारखाच! आता किल्ल्यात आम्ही होतो, आणि भगदाडात उभा होता आमच्या एफईच्या ज्युनिअरचा पॅलॅडिन. हिट पॉइंट्स ४४, आर्मर क्लास १८. हिशोब करा : बोनस ५ म्हणजे फाशावर १३ किंवा जास्त पडायला हवेत, वीसपैकी आठ वेळा, ४० टक्के. चार दगडांत सरासरी दीड लागणार. पहिल्याच राउंडला दोन लागले. पहिल्यानं तो शून्यावर आला. दुसऱ्यानं ४७ नुकसान झालं. शून्यावर असताना आपल्या पूर्ण हिट पॉइंट्सइतकं किंवा त्याहून जास्त लागलं की पात्र जागच्या जागी मरतं, असा नियम आहे. हा नियम मात्र अगदी स्पष्ट आहे. ज्युनिअरची पाळी यायच्या आधीच सगळं संपलं.

त्यानंतर जे झालं ते रेक्टर सरांनी खालून ऐकलंच. सिव्हिलवाला डीएमवर ओरडला, डीएम माझ्यावर, मी पुस्तकावर. ज्युनिअर काही बोलला नाही. सर गेल्यावर त्यानं आपला कॅरेक्टर शीट घडी करून खिशात घातला आणि निघून गेला. पुढच्या शनिवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. हॉस्टेलमध्ये नवीन आल्यावर त्याचं येऊन-जाऊन एवढंच एक ठिकाण होतं, हे आम्हाला नंतर त्याच्या रूममेटकडून कळलं.

मी मेकॅनिकलचा. आपली चूक कबूल करायच्या आधी आपण काय करतो? गणित! डीएमचं बरोबर की माझं, हे ठरवायला मी कागद घेऊन बसलो. समजा ६००० किलोचं वजन ४ मीटर खाली पडतं. ते परत वर चढवायला ६००० × ९.८ × ४, म्हणजे सुमारे २३५ किलोज्यूल काम करावं लागेल. हे वजन अवास्तव नाही. १०० किलोचा दगड ३०० मीटर टाकायला हवेचा विरोध सोडला तरी किमान १४७ किलोज्यूल लागतातच.

माझ्या नियमाप्रमाणे हे काम सहा सेकंदांत व्हायला हवं. म्हणजे ३९ किलोवॉट, पाच माणसांत वाटले तर माणशी जवळजवळ साडेदहा अश्वशक्ती. बरीच तालीम करावी लागेल! डीएमच्या नियमाप्रमाणे तीसही सेकंद फक्त वजन उचलण्यात घातले तरी माणशी दोन अश्वशक्ती. सतत काम करणारा माणूस देतो साधारण १०० वॉट. चार माणसं चाकात घालून वजन चढवलं तर दहा मिनिटं लागतील. मशीन डिझाइनच्या सरांना हा कागद दाखवला तर त्यांनी लाल पेननं एवढंच लिहिलं : 'लॉसेस कुठे आहेत?' तेही घाला. इंग्लंडमधल्या वॉरिक कॅसलमध्ये २००५ साली सुमारे १८ मीटर उंच आणि २२ टनांचं ट्रेब्युशे उभारलं होतं. तिथे एक गोळा टाकायला आठ माणसांना अर्धा तास लागायचा. अर्धा तास म्हणजे आमच्या खेळातले ३०० राउंड!

आणि खरे वेढे? स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग किल्ल्याला इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड १३०४ साली तीनेक महिने वेढा घालून बसला होता. 'वॉरवुल्फ' नावाचं प्रचंड ट्रेब्युशे त्यानं तिथेच बांधून घेतलं. ते चालवायच्या आधीच किल्लेदार शरण यायला तयार झाले. पण राजानं आधी यंत्र चालवून बघितलं, मगच शरणागती घेतली. एवढं बांधलंय तर टेस्टिंग नको का?

तर गणिताचा निकाल असा की आम्ही दोघंही चूक. फिजिक्सनं भांडण मिटवलं नाही, फक्त दोघांनाही समान मार्क देऊन नापास केलं. खऱ्यासारखा नियम करायचा तर तीनशे राउंडांत एक दगड. तेवढा वेळ टेबलावर कोण बसणार?

मग मी मागच्या आवृत्त्या चाळल्या. २००३ च्या साडेतीन आवृत्तीत कॅटापल्टचे नियम बरेच लांबलचक होते, पण माझ्या तीन प्रश्नांची उत्तरं त्यात सापडली. तिथे नेम माणसावर धरायचाच नाही, जागेवर धरायचा. चालवणाऱ्यांचा जो प्रमुख असेल त्याची बुद्धिमत्ता नेमात मिळवायची. ताकद आर्म खाली ओढायला, डोकं नेमाला! दगड त्या चौकोनात पडला की तिथल्याला उडी मारून निम्मं नुकसान वाचवायची संधी. चुकला तर आठ बाजूंचा फासा टाकून दिशा काढायची आणि तिकडे पाडायचा. आणि एकदा नेम बसला की वारा बदलेपर्यंत किंवा यंत्र फिरवेपर्यंत पुढचे दगड तिथेच. पाचव्या आवृत्तीनं हे सगळं छाटलं. कारण समजण्यासारखं आहे. नियम थोडे ठेवायचे आणि बाकीचं डीएमनं ठरवायचं, हे त्या आवृत्तीचं धोरणच आहे.

आणखी मागे गेलं की मूळ सापडतं. हा खेळ ज्यातून निघाला तो १९७१ चा 'चेनमेल' हा सैन्यांच्या लढाईचा खेळ होता. त्यात एक बाहुली म्हणजे वीस माणसं. कॅटापल्टचं घर तिथलं. पुढे खेळ एकेका माणसावर आला. सुरुवातीच्या आवृत्त्यांत राउंड एक मिनिटाचा असायचा. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून तो सहा सेकंदांचा झाला. तलवारीच्या एका घावाला सहा सेकंद ठीक आहेत, पण यंत्र अजून सैन्याच्याच मापाचं आहे. मीटरच्या ड्रॉइंगमध्ये मिलिमीटरचा पार्ट बसवल्यावर जे होतं तेच इथे होतं. चूक कुठल्याच एका आकड्यात नसते, पण असेंब्ली बसत नाही.

एवढं सगळं कळल्यावर मी ज्युनिअरच्या रूमवर गेलो. हिशोबाचा कागदही नेला होता. त्यानं तो नीट बघितला. मग म्हणाला, "दादा, मेल्याचं काही नाही. पण मला काही करताच आलं नाही."

कागद मी खिशात ठेवला. इतके दिवस मी विचारत होतो की पुस्तकात काय लिहिलंय, आणि मग की खरं काय असतं. ज्याच्यावर दगड येतोय त्याला काय करता येईल, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. नियम माझ्या बाजूचा आहे एवढ्यावर मी खूश होतो. तोच नियम समोरच्याच्या हातात गेला तर काय होईल, हे अर्ध्या मिनिटात कळलं असतं. वीस गॉब्लिन मोजायला कॅल्क्युलेटर लागत नाही.

त्या आठवड्यात आम्ही सहा जणांनी बसून एक पानाचं पत्रक केलं. कुणाला वापरायचं असेल तर घ्या :

१. अॅक्शन वाटून घेता येतील, पण एका राउंडमध्ये एका यंत्राची एकच पायरी पुढे सरकेल. म्हणजे बॅलिस्टा तीन राउंडांत एकदा, मँगोनेल आणि ट्रेब्युशे पाच राउंडांत एकदा. जास्त माणसं लावून वेग वाढणार नाही. ट्रेब्युशेला पाचांपेक्षा कमी माणसं असतील तर ते भरताच येणार नाही.

२. बॅलिस्टाचा नेम माणसावर चालेल, कारण ते शेवटी धनुष्यच. मँगोनेल आणि ट्रेब्युशेचा नेम फक्त जागेवर. तिथे जो असेल त्यानं चपळाईचा फासा टाकायचा, १५ किंवा जास्त आले तर निम्मंच नुकसान.

३. चुकलेला दगड कुठेतरी पडलाच पाहिजे. आठ बाजूंचा फासा टाकून दिशा काढायची. आपल्याच माणसांवर पडला तर नशीब.

४. यंत्र आणि जागा तीच असेल तर दुसऱ्या दगडापासून नेमाच्या पायऱ्या माफ.

५. नेम धरणाऱ्याची बुद्धिमत्ता बोनसमध्ये धरायची.

६. किल्ल्याच्या भिंतीच्या एका तुकड्याला १०० हिट पॉइंट्स, आणि २० च्या खालचं नुकसान धरायचं नाही.

७. पत्रकात नसलेला प्रश्न आला तर डीएम ठरवेल, पण फासा पडायच्या आधी. आणि जे ठरेल ते दोन्ही बाजूंना.

हे आकडे काही पुस्तकातले नाहीत, आमचे आहेत. तुम्ही बदला. सातवा नियम मात्र बदलू नका.

आता याचा परिणाम बघा. पाच राउंडांत एक दगड म्हणजे दोन दगडांच्या मधे तीस सेकंद. साधा माणूस एका राउंडला ३० फूट चालतो, सगळं सोडून धावला तर ६०. म्हणजे ३०० फुटांवरून निघालेला माणूस चार राउंडांत ट्रेब्युशेपासून ६० फुटांवर पोचतो आणि पाचव्यात थेट यंत्रापाशी. साठाच्या आतलं तर त्याला मारताच येत नाही! म्हणजे दगड पडला रे पडला की निघायचं. थांबलात तर पुढचा दगड येणार. पण उघड्यावर धावलात तर गॉब्लिनांचे बाण आहेत. तिकडे गॉब्लिनांनाही यंत्राजवळ पहारा ठेवावा लागतो, म्हणजे भिंतीवर चढायला माणसं कमी. पूर्वी या प्रसंगात दोन आकडे होते, नुकसान आणि हिट पॉइंट्स. आता त्यात निर्णय आले.

तो वेढा आम्ही परत खेळलो. ज्युनिअर आला होता. पहिला दगड भगदाडाशी पडला, त्यानं फासा टाकला, १६ आले, निम्मं लागलं. मग तो बराच वेळ नकाशाकडे बघत बसला. आम्ही कुणी काही सुचवलं नाही, हे आमच्या ग्रुपसाठी फारच झालं. शेवटी त्यानं पेन्सिल उचलली आणि म्हणाला, "धावतो."

पोचला का? चौथ्या राउंडला बाण लागून पडला, ६० फुटांच्या जरा अलीकडे. पण मेला नाही, आणि गॉब्लिन त्याच्याकडे बघत असताना चोर मागून जाऊन दोरी कापून आला. रात्री दीड वाजता पुन्हा आरडाओरडा झाला, आणि रेक्टर सर पुन्हा वर आले. या वेळी ते दारात उभं राहून दोन मिनिटं बघत होते. "मिटलं का दगडफेकीचं?" एवढंच म्हणाले आणि गेले.

आमचा डीएम यंदा पास आउट होतोय. ग्राफ पेपरची वही तो ज्युनिअरला देऊन जाणार आहे. पत्रकाची झेरॉक्स आमच्या रूमच्या दारामागे चिकटवलेली आहे. शनिवारी मेस आटोपल्यावर या. फासे आमच्याकडे आहेत, पेन्सिल आपापली आणा.